अनोळखी ब्रँडची रायफलची काडतुसं घेताना काय काय बघायचं

ऑक्टोबर संपत आला की विस्कॉन्सिनमधल्या दुकानांत एक गोष्ट दरवर्षी दिसते, .३०८ आणि .३०-०६ या मापांच्या काडतुसांच्या शेल्फवर ओळखीच्या कंपन्यांचे बॉक्स संपलेले असतात आणि बाजूला कुठल्यातरी युरोपियन नावाचे बॉक्स तसेच पडून असतात, कारण नाव वाचताच येत नाही आणि ज्याचं नाव वाचता येत नाही ते चेंबरमध्ये कसं भरायचं असं सगळ्यांना वाटतं. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी आमच्याकडे नऊ दिवसांचा गन डिअर सीझन सुरू होतो, तोपर्यंत वेळ थोडा उरलेला असतो, आणि मग नव्याने शिकारीला लागलेली आपली मराठी मंडळी फोन करून विचारतात, दादा, हा बॉक्स घेऊ का? किंमत पण कमी आहे, काही लोचा तर नाही ना?

माझं उत्तर नेहमी एकच असतं. घ्या बिनधास्त, पण नावावरून नाही तर आतली गोळी बघून घ्या, आणि स्वतःच्या रायफलमधून सरावाच्या रेंजवर उडवून बघितल्याशिवाय जंगलात नेऊ नका. बाकी सगळं या दोन गोष्टींचाच विस्तार आहे, पण तो विस्तार महत्त्वाचा आहे, कारण समोर एक जिवंत जनावर असतं आणि त्याला तडफडत न ठेवता लगेच पाडणं ही आपली जबाबदारी आहे.

त्याआधी कायद्याचं सांगतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद आहे, त्यामुळे हे सगळं अमेरिकेतलं आहे असंच धरून वाचा. आणि अमेरिकेत सुद्धा एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला मनाई आहे, त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. चालू म्हणजे मुदतीतलं, मागच्या वर्षीचं नाही. गोळ्यांचा एक बॉक्स जरी घेत असाल तरी हे लागू आहे, मित्राने घेऊन दिला आणि तुमच्या कपाटात ठेवला तरी लागू आहे. ग्रीन कार्डवाल्यांना हा प्रश्न नाही. शिवाय विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो तसाही करावाच, मला तरी त्यात जे शिकायला मिळालं ते व्हिडिओ बघून कधीच कळलं नसतं.

आता ब्रँडचं. इथे ज्याला लोक "कुठली तरी अनोळखी कंपनी" म्हणतात ती बरेचदा इथल्या कंपन्यांपेक्षा जुनी असते. सेलिए अँड बेलो ही चेक कंपनी १८२५ पासून आहे. इटलीची फिओकी १८७६ ची, आणि तिचा अमेरिकेत मिझुरीमधल्या ओझार्कला कारखाना पण आहे. स्वीडनची नॉर्मा १९०२ ची. पीपीयू असं लिहिलेला जो बॉक्स दिसतो ती सर्बियातल्या उझित्से गावची प्रवी पार्तिझान, १९२८ पासूनची. तुलनेत आपण जिला एकदम घरची समजतो ती मिनेसोटाची फेडरल १९२२ ची आणि नेब्रास्काची हॉर्नडी १९४९ ची. म्हणजे अनोळखी आपल्याला, धंद्याला नाही. आपल्याकडच्या भुसावळ भागातल्या लोकांना वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी माहिती असते, तिथे लष्करासाठी काडतुसं बनतात, पण इथल्या एखाद्या शिकाऱ्याला विचारा, त्याने नाव पण ऐकलेलं नसणार.

नाव कळलं की एवढं बघा की कारखाना कुणाचा आहे आणि काडतूस कुठल्या मापाने बनलंय. अमेरिकेत सामी नावाची संस्था मापं आणि प्रेशरची मर्यादा ठरवते, युरोपात सीआयपी. युरोपियन बॉक्सवर सीआयपीचा उल्लेख किंवा प्रूफ हाउसचा, म्हणजे सरकारमान्य तपासणी केंद्राचा, छोटा शिक्का असतो, तो दिसला तर तो माल तपासणीतून गेलेला आहे एवढी खात्री धरायला हरकत नाही. .३०८ किंवा .३०-०६ सारख्या काडतुसात दोन्हीकडची मर्यादा जवळजवळ सारखीच आहे त्यामुळे धडधाकट आधुनिक रायफलला काही फरक पडत नाही.

पण एका ठिकाणी फार मोठा फरक पडतो आणि ते मी इथे सविस्तर सांगतो कारण दुकानातला पोरगा हे सांगेलच असं नाही. ८ मिलिमीटर माउझर. कुणाकडे तरी आजोबांच्या काळातली जर्मन रायफल असते, स्वस्तात मिळालेली असते, आणि तिच्यासाठी बॉक्स शोधत असतात. जुन्या काही जर्मन रायफलींची नळी .३१८ इंचाच्या गोळीसाठी होती, नंतरच्या .३२३ साठी आहेत, आणि काडतुसाचं नाव बघून दोन्ही सारखीच वाटतात. चुकून जाड गोळी बारीक नळीत गेली तर अपघात होऊ नये म्हणून अमेरिकन कंपन्या हे काडतूस मुद्दाम हलकं भरतात, सामीची मर्यादा फक्त ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावरचा पाउंडातला दाब) आहे. युरोपियन कंपन्या तेच काडतूस पूर्ण ताकदीने भरतात, सीआयपीची मर्यादा ३,९०० बार, म्हणजे ५६,००० पीएसआयच्या वर. बॉक्सवरचं नाव जवळपास तेच, पण आत दीडपटीहून जास्त प्रेशर. त्यामुळे जुनी माउझर असेल तर आधी गनस्मिथकडून नळी मोजून घ्या आणि मगच पीपीयू किंवा सेलिएचा बॉक्स उचला. तसंच .४५-७० चं, काही छोट्या कंपन्या हे काडतूस आजच्या मजबूत लिव्हर रायफलसाठी प्रचंड जोरदार भरतात, एकोणिसाव्या शतकातल्या ट्रॅपडोअर रायफलला ते झेपत नाही. आणि एम-वन गॅरंड ही दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन लष्करी रायफल असणाऱ्यांनी .३०-०६ चा कुठलाही शिकारीचा बॉक्स उचलू नये, जड गोळी आणि हळू जळणारी पावडर असेल तर आतला ऑपरेटिंग रॉड वाकतो, त्यांच्यासाठी बॉक्सवर गॅरंड असं स्पष्ट लिहिलेला माल मिळतो.

बाकी सगळ्यांसाठी नियम सोपा आहे, नळीवर जे कोरलंय तेच बॉक्सवर पाहिजे आणि तेच काडतुसाच्या बुडावरच्या ठशात पाहिजे, तिन्ही ठिकाणी अक्षरन् अक्षर. "जवळपास तेच आहे" हे इथे चालत नाही. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये बसू शकतं आणि उडवलं तर रायफल फुटते, माणसं जखमी झालेली आहेत यात. युरोपियन बॉक्सवर मापं मिलिमीटरमध्ये असतात, .३०८ विंचेस्टरच्या बॉक्सवर सहसा .३०८ विंचेस्टर असंच लिहितात पण ७.६२x५१ असंही लिहिलेला माल दिसेल, तो बहुतेक लष्करी प्रकारचा असतो आणि त्यात बहुतेक वेळा फुल मेटल जॅकेट गोळी असते, ती आपल्या कामाची नाही. का नाही ते पुढे येतंच.

आता मुख्य मुद्दा, गोळी. काडतूस म्हणजे पितळी केस, बुडाला ठिणगी पाडणारा प्रायमर, आत पावडर आणि तोंडाला गोळी. हरणाला यातलं फक्त शेवटचं लागतं. ब्रँडवर जितका वेळ घालवता त्याच्या चौपट वेळ गोळीवर घालवा.

फुल मेटल जॅकेट म्हणजे शिसं पूर्ण तांब्याच्या आवरणात, ती उघडत नाही, आरपार बारीक भोक पाडून निघून जाते, हरीण दोन मैल पळतं आणि कुठल्यातरी दलदलीत जाऊन मरतं, तुम्हाला सापडत नाही. म्हणून बऱ्याच राज्यांत हरणाला ती बेकायदेशीर आहे. स्वस्त बॉक्स बरेचदा हाच असतो, बॉक्सवर एफएमजे लिहिलेलं असतं, ते दिसलं की ठेवून द्या, रेंजसाठी घ्यायचा असेल तर वेगळी गोष्ट.

सॉफ्ट पॉइंट म्हणजे टोकाला शिसं उघडं, बॉक्सवर एसपी किंवा जेएसपी. आत शिरल्यावर टोक छत्रीसारखं उघडतं. शंभरेक वर्षांची जुनी पद्धत आहे आणि विस्कॉन्सिनच्या जंगलात जिथे बहुतेक हरणं दीडशे यार्डाच्या आतच मिळतात तिथे साधी १५० किंवा १६५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सॉफ्ट पॉइंट .३०८ मधून भरपूर झाली. अनोळखी ब्रँडमधली सगळ्यात सुरक्षित निवड पण हीच, कारण ही गोळी बनवायला फार कौशल्य लागत नाही आणि बिघडायलाही त्यात फार काही नसतं.

बॉन्डेड म्हणजे आतलं शिसं आवरणाला घट्ट चिकटवलेलं, हाड लागलं तरी तुकडे कमी होतात. मग पूर्ण तांब्याची, शिसं अजिबात नाही, ती पाकळ्या उघडून जवळजवळ सगळं वजन राखते. आणि पॉलिमरचं रंगीत टोक असलेल्या, त्या लांबून चांगल्या पण त्यातल्या काही फार पटकन उघडतात, जवळून खांद्यावर लागल्या तर मांसाचा लगदा होतो.

एक गोष्ट खूप जणांना फसवते. बॉक्सवर एचपीबीटी मॅच असं लिहिलेलं असतं, टोकाला बारीक भोक दिसतं, माणसाला वाटतं हॉलो पॉइंट आहे म्हणजे उघडणार. नाही. ते भोक बनवण्याच्या पद्धतीमुळे राहिलेलं असतं, गोळी टार्गेटसाठी आहे, जनावरात उघडेल की नाही याचा भरवसा नाही. किती का अचूक असेना, शिकारीला नको.

गोळी आत गेल्यावर नक्की काय होतं ते बघायचं असेल तर हरीण सोलताना थोडा वेळ काढा. कधीकधी गोळी पलीकडच्या बाजूच्या कातडीखाली अडकलेली सापडते, बाहेरून बोटाला गाठ लागते. ती काढून धुवा, चांगली सॉफ्ट पॉइंट असेल तर पुढचा भाग रुंद होऊन तांब्याच्या पाकळ्या मागे वळलेल्या असतात, मागचा बुंधा शाबूत असतो, कॅलिपर लावला तर मूळ व्यासाच्या दीडपट ते दुप्पट रुंद भरते. किचनमधल्या काट्यावर ठेवा. १८० ग्रेनची गोळी म्हणजे ११.७ ग्रॅम, त्यातली आठ ग्रॅम उरली असेल तर साधारण सत्तर टक्के वजन राहिलं, साध्या गोळीसाठी हे छान आहे. नुसतं चुरगळलेलं रिकामं आवरण मिळालं आणि शिसं गायब असेल तर ती गोळी फार लवकर फुटली, पुढच्या वर्षी दुसरी बघा. ही एक गोळी तुम्हाला त्या ब्रँडबद्दल जे सांगेल ते पन्नास रिव्ह्यू वाचून कळणार नाही.

राज्याचा नियम वाचणं टाळू नका, कारण दुकानात बॉक्स विकायला आहे म्हणजे तो तुमच्या शिकारीला चालतो असं नाही. उदाहरण म्हणून कोलोराडो घ्या. तिथे हरणाला निदान .२४ कॅलिबर, सॉफ्ट नोज किंवा हॉलो पॉइंट अशी उघडणारी गोळी, निदान ७० ग्रेन, आणि १०० यार्डावर निदान १,००० फूट-पाउंड ऊर्जा असं स्पष्ट लिहिलंय, एल्क या मोठ्या हरणाला गोळीचं वजन निदान ८५ ग्रेन. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही, काँडॉर गिधाडं मेलेल्या जनावरातलं शिसं खाऊन मरत होती म्हणून हा कायदा आला. तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांनी अनोळखी ब्रँड बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, नुसतं "कॉपर" लिहिलंय त्यावर जाऊ नका, तांब्याचं पाणी दिलेली शिशाची गोळी पण असते, लेड-फ्री असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे आणि राज्याच्या मंजूर यादीत आहे का ते बघा.

युरोपियन बॉक्सवरचे आकडे बघून लोक बिचकतात, त्याचं गणित सोपं आहे. ग्रॅमला १५.४३ ने गुणलं की ग्रेन. ९.७ ग्रॅम म्हणजे १५० ग्रेन, १०.७ म्हणजे १६५, ११.७ म्हणजे १८०. मीटर प्रति सेकंदाला ३.२८ ने गुणलं की फूट प्रति सेकंद, म्हणजे ८२० लिहिलं असेल तर २,६९० च्या आसपास. जूलला ०.७४ ने गुणलं की फूट-पाउंड. १५० ग्रेनची .३०८ साधारण २,८०० फुटांनी निघते आणि १८० ग्रेनची २,६०० च्या आसपास, बॉक्सवरचा आकडा यापासून फार लांब असेल तर थांबून कारण शोधा. आणि हे लक्षात ठेवा की बॉक्सवरचा वेग बहुतेकदा २४ इंची टेस्ट बॅरलमधला असतो, तुमची नळी २० इंची असेल तर शंभरेक फूट वजा धरा. वेग फार महत्त्वाचा अशासाठी की बऱ्याच साध्या सॉफ्ट पॉइंटना नीट उघडायला १,८०० फुटांच्या आसपास वेग लागतो, पूर्ण तांब्याच्या कितीतरी गोळ्यांना त्याहून जास्त, त्यामुळे कुठल्या अंतरापर्यंत मारायचं हे या आकड्यावरून ठरतं, हौसेवरून नाही.

दुकानात बॉक्स उघडून बघता येत असेल तर विचारून उघडा. वीसच्या वीस काडतुसं काढून बघायची गरज नाही पण पाच-सहा बोटात धरून फिरवा. सगळ्यांच्या गोळ्या सारख्याच खोल बसल्यात का, केसच्या मानेला चीर किंवा पोचा नाही ना, हिरवट बुरशीसारखं काही नाही ना, प्रायमरवरून बोट फिरवलं तर तो बुडाच्या पातळीत किंवा किंचित आत पाहिजे, वर आलेला नको. मानेजवळ पितळ निळसर-तपकिरी दिसलं तर घाबरू नका, ती तापवून मऊ केल्याची खूण असते, उलट चांगलं लक्षण. खिशात छोटं मॅग्नेट असेल तर गोळीला लावून बघा, चिकटलं तर आवरणात किंवा आत पोलाद आहे, कितीतरी रेंजवर ती गोळी चालू देत नाहीत. रशियन स्टील केसवाला माल पूर्वी फार स्वस्त यायचा, २०२१ च्या सप्टेंबरपासून त्याच्या नव्या आयात परवान्यांवर निर्बंध आले, आता जुना साठा कुठे कुठे दिसतो, शिकारीला मी तरी तो सुचवणार नाही.

रीमॅन्युफॅक्चर्ड लिहिलेला माल म्हणजे वापरलेल्या केस परत भरलेल्या, तो शिकारीला नको, आणि बहुतेक रायफलच्या मॅन्युअलमध्ये पण तसंच लिहिलेलं असतं. गन शोमध्ये झिपलॉक पिशवीत सुट्टी काडतुसं मिळतात ती कुणीही कितीही भरवसा दिला तरी घेऊ नका, आत कुठली पावडर किती आहे हे भरणाऱ्यालाच माहिती. ऑनलाइन घेताना किंमत बाजारापेक्षा निम्मी असेल आणि पैसे फक्त झेल किंवा क्रिप्टोने मागत असतील तर ती वेबसाइट खोटी आहे, २०२० च्या टंचाईत असे खूप जण बुडाले.

रिव्ह्यू वाचताना चकचकीत टार्गेटचे फोटो सोडून द्या. तुमच्याच काडतुसाबद्दल, तुमच्याच प्रकारच्या रायफलमधून कुणी काय लिहिलंय ते बघा, आणि एकच तक्रार परत परत येतेय का बघा, प्रायमर न फुटणं, मान चिरणं, गोळी सैल असणं. एखाद्याची तक्रार म्हणजे काहीच नाही, पण वेगवेगळ्या लोकांची तीच तक्रार असेल तर ती खरी धरायची.

पसंत पडलं तरी आधी एकच बॉक्स घ्या. तो रायफलला मानवला तर त्याच दिवशी परत जाऊन त्याच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच खेपेत बनलेले, अजून तीन-चार बॉक्स आणा, लॉट नंबर झाकणाच्या आतल्या किंवा बाजूच्या पट्टीवर छापलेला असतो. त्याच दुकानातला तोच तांदूळ नवा आला की वेगळा शिजतो तसं पावडरचं आहे, लॉट बदलला की गोळी इंच-दोन इंच इकडेतिकडे जाऊ शकते. शिवाय कंपनीने कधी माल परत मागवला तर ती लॉट नंबरवरूनच मागवते, म्हणून बॉक्स फेकू नका.

आता रेंज. इथे घाई करणारे लोक मला अजिबात पटत नाहीत, चाळीस डॉलर वाचवायला अनोळखी बॉक्स घ्यायचा आणि मग रेंजचे वीस डॉलर पण वाचवायचे हे हरणावर अन्याय करणारं आहे.

शंभर यार्डावर कागद लावा, बेंचवर सँडबॅग घ्या. दोन्ही डोळ्यांना चष्मा आणि कानाला मफ, ते सांगायला नको. आधी मॅगझिन भरून नळी टार्गेटकडेच ठेवून बोल्टने, म्हणजे मागच्या सरकत्या दांड्याने, काडतूस चेंबरमध्ये नीट जातं का, अडकत नाही ना, बोल्ट बंद करायला जोर लागतोय का ते बघा. जोर लागत असेल तर ठोकू नका, ते काडतूस काढून बाजूला ठेवा. पहिली गोळी थंड नळीतून उडवा आणि ती कुठे लागली त्यावर पेनाने खूण करा, कारण जंगलात तुम्हाला मिळणार ती थंड नळीची पहिलीच गोळी. मग अजून दोन, सावकाश. मग नळीला हात लावता येईल इतकी गार होऊ द्या, कॉफी प्या, गप्पा मारा, आणि परत तीन. असे तीन-चार ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचे झुपके, झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका, एक सुंदर ग्रुप योगायोगाने पण येतो.

हरणाचं हृदय-फुप्फुसाचं क्षेत्र साधारण आठ इंचाच्या ताटलीएवढं असतं. त्यामुळे दोनशे यार्डाच्या आत मारणाऱ्याला शंभर यार्डावर दीड-दोन इंचाचा ग्रुप पुरतो, पाऊण इंचाच्या मागे लागून पाच ब्रँड बदलायची काही गरज नाही. पण चार इंच पसरत असेल तर तो बॉक्स तुमच्या रायफलचा नाही, मग गोळी कितीही महागाची असो. एकाच बॉक्समधल्या गोळ्या माझ्या रायफलमधून जवळजवळ एकाच भोकात आणि शेजारच्या मित्राच्या त्याच मॉडेलच्या रायफलमधून तळहाताएवढ्या पसरलेल्या मी बघितल्यात, दोघांचे हात सारखेच स्थिर, आम्ही रायफली अदलाबदल करून पण बघितलं, पसारा त्या रायफलबरोबरच गेला. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते एवढंच त्याचं कारण.

ग्रुप चांगला असेल पण बाजूला असेल तर ती चांगली बातमी आहे, स्कोप फिरवा. पाव मिनिटाच्या (हे मिनिट कोनाचं माप) क्लिकचा स्कोप असेल तर शंभर यार्डाला एका इंचाला चार क्लिक. मग शक्य असेल तर दोनशेवर पण बघा, शंभरला शून्य केलेली, म्हणजे त्या अंतराला नेमकी लागेल असा स्कोप लावलेली, १५० ग्रेनची .३०८ दोनशेला साडेतीन-चार इंच खाली जाते, पण तुमची नक्की किती जाते ते तुमच्या कागदावरून घ्या, बॉक्सच्या तक्त्यावरून नाही. शिशाच्या गोळ्यांवरून पूर्ण तांब्याच्या गोळीवर जात असाल तर आधी नळी नीट साफ करा, आणि साफ नळीतल्या पहिल्या एक-दोन गोळ्या भलतीकडे गेल्या तर लगेच नाव ठेवू नका.

रेंजवर काही दिसलं तर ताबडतोब थांबायचं. बोल्ट उचलायला जड जातोय, प्रायमर पूर्ण चपटा होऊन कडा भरल्यात, केसच्या बुडावर चकचकीत गोल ठसा उमटलाय, ही सगळी जास्त प्रेशरची लक्षणं, बॉक्स बंद करा आणि कंपनीला लॉट नंबर कळवा. चाप ओढला आणि नुसतं क्लिक झालं तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा, उशिरा पण उडू शकतं. आणि आवाज फुसका आला, धक्का कमी लागला, तर हे सगळ्यात धोक्याचं, गोळी नळीत अडकलेली असू शकते, पुढची गोळी उडवली तर नळी फुटेल. रायफल रिकामी करा, बोल्ट काढा, मागून नळीत उजेड दिसतो का बघा, नाही दिसला तर सरळ गनस्मिथकडे. असा प्रकार ज्या बॉक्समध्ये झाला त्यातलं एकही काडतूस नंतर वापरू नका.

सप्टेंबरच्या उन्हात शून्य केलेली रायफल नोव्हेंबरच्या थंडीत थोडी वेगळी वागते, पावडर थंडीत किंचित मंद जळते आणि आपण पण जाड जॅकेट घालून खांदा वेगळा लावतो. त्यामुळे सीझनच्या आधीच्या आठवड्यात त्याच लॉटमधल्या तीन गोळ्या त्याच जॅकेटमध्ये उडवून या. दोन ब्रँडची काडतुसं एकाच खिशात ठेवायची नाहीत, जुन्या ब्रँडच्या उरलेल्या चार-पाच गोळ्या "असू दे" म्हणून बरोबर नेतात लोक आणि मग नेमकी तीच चेंबरमध्ये जाते.

मांस घरी मुलं खाणार असतील तर थोडा जास्त विचार करा. शिशाची गोळी आत फुटताना बारीक कण जखमेपासून बरेच लांब जातात, डोळ्याला दिसत नाहीत. २००८ साली नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या मांसात शिसं सापडलं आणि आरोग्य खात्याने फूड पँट्रींना ते वाटू नका असं सांगितलं होतं. म्हणून जखमेभोवतीचं मांस हात आखडता न घेता कापून टाका, खिम्यात तर तो भाग अजिबात घालू नका, आणि घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर माझं स्पष्ट मत आहे की तांब्याची गोळी घ्या, बॉक्सला पंधरा-वीस डॉलर जास्त गेले तरी चालतील. आमच्याकडे रस्सा आणि सुक्कं दोन्ही होतं, मुलं ताटावर बसतात, तिथे ही काटकसर नको.

उरलेली काडतुसं मूळ बॉक्समध्येच, कोरड्या जागी, रायफलपासून वेगळ्या कुलपात ठेवा, बॉक्सवर मार्करने रायफलचं नाव, तारीख आणि शून्य किती यार्डाला केलंय ते लिहा.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांसाठी खास. डिसेंबरमध्ये भारतात जाताना शिकारीची बॅग किंवा जॅकेट बरोबर न्यायचं असेल तर प्रत्येक खिसा, अस्तर, साइड पाउच उलटा करून बघा, शक्यतो ती बॅग नेऊच नका. एक जिवंत काडतूस जरी मुंबई किंवा दिल्ली विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं तर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो, विसरून राहिलं होतं हे नंतर कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं, रिकामी केस असली तरी तासन् तास चौकशी होते. घरच्यांना पण सांगून ठेवा, कारण बॅग भरतं एक आणि जॅकेट असतं दुसऱ्याचं.